वळणावरची माणसं

ती घटना आजही आठवते ती एका अडचणीच्या कारणाने: शर्यतीला हिरवा झेंडा दाखवणारा प्रमुख पाहुणा मीच होतो आणि तासाभरात त्याच जागेचा पंचनामाही मीच करत होतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार. कापसाने सलग दोन हंगाम दगा दिलेला, बाजारात कुणाच्या तोंडावर हसू नाही. तेवढाच विरंगुळा म्हणून एका युवक मंडळाने मारेगाव रस्त्यालगत, उलंगवाडी म्हणजे कापसाची शेवटची वेचणी होऊन रिकाम्या झालेल्या शेतात मोटारसायकलींची शर्यत ठेवली. तिसऱ्या फेरीत एका गॅरेजवाल्याची गाडी वळणावर घसरली आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, भाऱ्यांचं कुंपण फोडून लोकांत घुसली. पऱ्हाटीने गुरं अडतात, म्हणून गाडीही अडेल असं सगळ्यांनीच धरलं होतं. मीही. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा पाय तीन ठिकाणी मोडला.

मी तडफ दाखवली. गॅरेजवाल्याला जीपमध्ये घातलं, भरधाव गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवला. शर्यतीत भरधाव चालवल्याबद्दल अटक करणारा मी जिल्ह्यातला पहिलाच ठाणेदार असेन. आमचे जमादार मान खाली घालून स्टेशन डायरी लिहीत होते. ते हसत होते, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. त्यांनी मलाच जबाब विचारला.

"त्या पोराले काहून धरलं, साहेब? गाडी त घसरतेच. आमाले वळणावर उभं कोनं केलं, ते पुसा ना."

ठाण्यात येऊन परवानगीची फाईल काढली. अर्जाला नकाशा जोडलेला होता. वळणाबाहेर 'मोकळी जागा', प्रेक्षक पलीकडे कडुलिंबांखाली. खाली माझी सही. नकाशा मी त्या दिवशी प्रथमच पाहत होतो.

मंडळाच्या अध्यक्षांना बोलावलं. बियाण्यांचे दुकानदार, एरवी बोलके. त्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. लोक कडुलिंबांखालून हलवले कुणी, हे मी चार प्रकारांनी विचारलं. शेवटी ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच त फोन केलता. ऊन सोसत नाही, मला सावलीत बसवा म्हणून. सावली तेवढीच होती; तुमचा मंच तिथं घेतला, लोक वळणावर गेले."

जमादारांचं पेन थांबलं. अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "नकाशा फाईलमधून निघू शकते, साहेब."

निघू शकत होता, हे खरं. पण मग त्या गॅरेजवाल्याला एकट्याला तुरुंगाची वाट होती. मी वरिष्ठांना अहवाल लिहिला, नकाशा जोडला, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला आणि स्वतः साक्षीदार झालो. गॅरेजवाल्याचं नाव दोषारोपपत्रातून गळलं. आयोजकांवर निष्काळजीपणाचा खटला चालला. बचावाच्या वकिलांनी मला पिंजऱ्यात तासभर उभं केलं. नकाशा न पाहता सही केली का, या प्रश्नाला 'होय' म्हणायला मला अर्धा ग्लास पाणी लागलं. खात्याचा ठपकाही आला, आणि तो रास्त होता.

अपघात झाला की आपण गाडी चालवणाऱ्याचा हात पाहतो. बघ्यांना तिथवर कुणी नेलं, हे नंतर सुचतं. कधी सुचतच नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मी अशा कुठल्याही परवानगीवर सही करण्याआधी जागेवर जायचो आणि लोक उभे राहणार तिथे पाच मिनिटं उन्हात उभा राहायचो. समोरून एक गाडी वेगात आणायला लावायचो. माझे पाय मागे सरले, तर परवानगी नाही.