पेपरचं मधलं पान

सव्वीस जानेवारी, घाटकोपर, आमची चाळ. सकाळी झेंडावंदन, दुपारी सार्वजनिक सत्यनारायण, संध्याकाळी स्पर्धा… दरवर्षीचं ठरलेलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते.

त्या वर्षी वादविवादाचा विषय होता, 'शेजारी देशात आपण सैन्य पाठवावे का?' आपलं सैन्य तेव्हा श्रीलंकेत होतं. शांतता राखायला म्हणून गेलेलं आणि लढाईतच अडकलेलं. माझ्या वाट्याला विरोधी बाजू आली होती. जाम खूश होते मी, कारण माझं मतच ते होतं.

बाबांचं मत बरोबर उलटं. रोज जेवताना आमची जुंपायची. ते म्हणायचे, "शेजारी आग लागली तर बादली घेऊन धावायचंच ना? आपण नाही गेलो तर बाहेरचे देश येऊन बसतील आपल्या दारात." मी म्हणायचे, "धावा ना… पण त्यांच्या स्वयंपाकघरात किती दिवस बसून राहणार? आणि घरातली माणसंच आता जा म्हणतायत त्याचं काय?" आई आमटी वाढता वाढता म्हणायची, आधी गिळा.

आता घोटाळा ऐका. मंडळाने विषय आधी ठरवला आणि मग बक्षिसं द्यायला सावंत काकींना बोलावलं. सावंत काकी म्हणजे आमच्याच मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतल्या, मूळच्या मालवणकडच्या. त्यांचा दिनू सैन्यात… आणि पोस्टिंग नेमकं श्रीलंकेत!

काकींना आमचा अख्खा मजला तळहातावरच्या फोडासारखा जपायचा. टीव्हीवर बातम्या लागल्या आणि काकी दारात दिसल्या की आवाज बारीक व्हायचा. चार घरांत मिळून एक पेपर यायचा. आधी आमच्याकडे, मग पुढे पुढे करत शेवटी काकींकडे. श्रीलंकेची बातमी असली की बाबा ते पान काढून फळीवर अंथरायचे. माझं आणि बाबांचं यावरूनही वाजायचं, पण ते म्हणायचे, तुला आईचं काळीज कळणार नाही अजून.

तर पूजेच्या दिवशी दुपारी मंडळाचा सेक्रेटरी विलास धावत आला. "शुभा, वाट लागली यार! काकींसमोर हा विषय नको. आपण 'दूरदर्शन, शाप की वरदान' घेऊ."

माझं डोकंच फिरलं. महिनाभर घसा फोडून केलेली तयारी… आणि काय तर म्हणे दूरदर्शन! बाबा तर म्हणाले, "तू नावच मागे घे. ज्या बाईचा मुलगा तिथे आहे, तिच्यासमोर उभी राहून सैन्य जायलाच नको होतं म्हणणार? जीभ रेटेल तुझी?"

पण एक गोष्ट कळेना… हे सगळं काकींना कोणी विचारलं होतं का? विलासला विचारलं तर म्हणाला, "वेडी आहेस का? त्यांना कसं विचारणार?"

मग मीच गेले. काकी शिऱ्याचे द्रोण लावत बसल्या होत्या. विषय सांगितला, माझी बाजू सांगितली. म्हटलं, काकी, तुम्हाला त्रास होणार असेल तर नाही बोलणार.

काकींनी हात पुसले. "माका इचारलंस, ता बरां केलंस. आजपर्यंत कोणी इचारूक नाय." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "बोल तू. आणि माज्याकडे बघान काय गाळू नको."

बोलले. काकींनीच सांगितल्यावर विलासने विषय तोच ठेवला आणि मी एकही वाक्य गाळलं नाही. आपले जवान शूर आहेत यात वाद नाही, म्हटलं, पण ज्यांच्या रक्षणासाठी पाठवलं त्यांच्याशीच लढायची वेळ त्यांच्यावर आली, तर चूक पाठवणाऱ्यांची. मदत कुठे थांबवायची हे निघण्याआधी ठरवायला हवं होतं. बाबा मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले… चेहरा दगडाचा.

दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. काकींनी तो माझ्या हातात दिला आणि सरळ माइक धरला. विलासचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

"पोरीन चांगला सांगितल्यान," काकी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात मदतीक जाताना इचारूचा लागता. आमच्या मजल्यावरची माणसां मायेन करतत, माका ठाऊक आसा. पण पेपराचा मधला पान काढून ठेवतत. माका भीती वाटता ती वाटताच, पान काढल्यान ती कमी होता काय? माजो झील, माजो दिनू थंय आसा. आतापासून पेपर आधी माज्या दारात टाका. मी वाचीन, मगे तुमका देयन."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणालाच कळेना. मला रडू फुटलं. मागे वळून बघितलं तर बाबा मान खाली घालून बसले होते.

सव्वीसच्या सुट्टीमुळे दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता, तिसऱ्या दिवशी सकाळी आला. बाबांनी उचलला. उघडला नाही, घडीसुद्धा मोडली नाही. चपला घातल्या आणि काकींच्या दाराशी जाऊन कडी वाजवली.

आमच्याकडे तो पेपर दुपारी आला… सगळ्या पानांसकट. मधल्या पानावर हळदीचं बोट उमटलं होतं.

पुढे सैन्य परतलं, दिनूही सुखरूप आला. आजही कुठे युद्ध पेटलं की आमच्या ग्रुपवर सुरू होतं, अमक्याने मध्ये पडावं, तमक्याने सैन्य पाठवावं… मी हिरीरीने भांडते, गप्प बसणाऱ्यातली मी नव्हेच. पण आधी एकच विचारते. ज्यांच्यासाठी जाताय, त्यांची कडी वाजवलीत का?

काकी, हे तुमच्याकडून शिकले. डबा अजून आहे माझ्याकडे, हळद ठेवते त्यात.