गफूरभाईंचा रशियन तालुका

कुवेतमध्ये, सालमियातल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात, शिंपी आणि फोटोवाला यांच्या मधोमध, गफूरभाई धनसे गेली अठ्ठावीस वर्षं अरबी टाइप करतात. दुकानावर नावाची पाटी आहे, पण ती वाचायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. लोक नुसतं ‘गफूरकडे जा’ म्हणतात. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना असो, जन्मदाखला असो, बायकोला बोलवायचं असो, गिऱ्हाईक इंग्रजी कागद घेऊन पायऱ्या उतरतं आणि अरबी अर्ज घेऊन वर येतं.

‘आपला कागद सरकारी खिडकीवरनं परत येत नाय,’ असं गफूरभाई दिवसातून एकदा तरी म्हणत. त्यात गर्वापेक्षा वस्तुस्थितीच जास्त होती. म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी आलोक टिकेकर परत आलेला कागद घेऊन पायऱ्या उतरला, तेव्हा शिंप्याचं मशीनसुद्धा थांबलं.

आलोक पुण्याचा, इथल्या एका बँकेत संगणकाचं काम करणारा. बायको रशियन, तान्या. तिला आठवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली होती. आलोकची आई हयात नव्हती. त्यामुळे बाळंतपणाला तान्याची आई यायला हवी होती आणि तिच्या व्हिसासाठी या मायलेकी आहेत हे कागदावर सिद्ध व्हायला हवं होतं. ते काम गफूरभाईंनी केलं होतं. म्हणजे केलं आहे असं त्यांना वाटत होतं.

‘काय म्हणाली खिडकीतली बाई?’

‘हसली, गफूरभाई.’

हे ऐकून गफूरभाईंना कसंसंच झालं. ओरडली असती तर चाललं असतं.

‘म्हणाली, या मुलीचा जन्म ज्या मुहाफजात झालाय तो मुहाफजा एका मन्तिकाच्या आत कसा? आणि आई भलत्याच ठिकाणची कशी? दोघी एका गावच्या असतील तर तसं दाखवा.’

कुवेतमध्ये मुहाफजे सहा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हेच म्हणा. मन्तिका म्हणजे सालमिया, फिंतास असली वस्ती. गफूरभाईंनी इंग्रजी कागद पुन्हा पाहिला. ‘डिस्ट्रिक्ट’ लिहिलं होतं. कोकणात, म्हसळ्याच्या शाळेत डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा शिकवला होता, म्हणून त्यांनी मुहाफजा टाइप केलं होतं. ‘रीजन’ला अरबीत मन्तिकाच म्हणतात, म्हणून मन्तिका. डोंबिवलीत ठाणे जिल्हा वसलाय असं लिहून त्यांनी खाली स्वतःचा शिक्का मारला होता!

‘आणि आईच्या नव्या कागदावर डिस्ट्रिक्ट नाहीच,’ आलोक म्हणाला. ‘तिथं ओक्रुग लिहिलंय. गफूरभाई, अजून एकदा परत आला तर सासूबाई बाळाच्या बारशालाच पोचतील.’

‘तुम्ही सासूबाई यायला पाहिजेत म्हणून रडताय? असला जावई मी अठ्ठावीस वर्षांत बघितला नाय,’ गफूरभाई म्हणाले. पण हसण्यात नेहमीचा जोर नव्हता. ‘त्यांनाच फोन लावा. ज्या गावचा कागद, त्या गावच्या माणसालाच विचारायला पाहिजे.’

दुपारी तान्या स्वतः आली. तिला दुकानातली एकुलती एक पाठ असलेली खुर्ची मिळाली. फोनच्या पडद्यावर खिडकीबाहेर पांढराशुभ्र बर्फ आणि खिडकीच्या अलीकडे झोया पेत्रोव्हना उमटल्या. त्या बोलणार रशियन, तान्या त्याचं इंग्रजी करणार आणि गफूरभाई मनातल्या मनात म्हसळ्याच्या भाषेत समजून घेणार, असा कारभार सुरू झाला.

‘आई विचारते, तुम्ही कोण?’

‘सांगा, कागद लिहिणारा.’

पलीकडे बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्या भराभरा बोलायला लागल्या.

‘ती पण तेच करायची,’ तान्या म्हणाली. ‘सत्तावीस वर्षं ग्रामपरिषदेत. घरागणिक नोंदवही ठेवायची. घरात माणसं किती, गाई किती, बटाट्याची जमीन किती.’

‘या अल्ला! म्हणजे नमुना नंबर आठ!’ गफूरभाई खुर्चीतून उठलेच. त्यांचे चुलते ग्रामपंचायतीचे शिपाई होते आणि लहानपणी त्यांनी त्या वह्यांवर पुठ्ठे चढवले होते. ‘बाईंना म्हणावं, आता सगळं सांगा. वरपासून खाली.’

झोया पेत्रोव्हनांनी भिंतीवरचा नकाशाच काढून आणला. सोस्नोरेचे रायोन. मधून नदी, दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल आणि दलदल. मुख्य गाव रेल्वेच्या फाट्यावर, तिथं दवाखाना, कचेरी आणि बाजार. क्षेत्रफळ कुवेतच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आणि माणसं अकरा हजार.

‘अकरा हजार?’ गफूरभाई म्हणाले. ‘तेवढी तर सालमियात या फुटपाथवरच भेटतील.’

गावं एक्याऐंशी. त्यांतल्या नऊ गावांत कुणीच राहत नाही, पण नावं दप्तरी आहेत, कारण नाव काढायचं तर ठराव करावा लागतो आणि ठराव करायला त्या गावात कुणी उरलेलं नाही. हे ऐकून गफूरभाईंना रशियाबद्दल एकाएकी आपुलकी वाटू लागली.

‘यात छोटी गावं आणि मोठी गावं यांना वेगळे शब्द आहेत,’ तान्या सांगू लागली. ‘पूर्वी चर्च असेल ते सेलो, नसेल ती देरेव्हन्या.’

‘मशीद असंल तो गाव, नसंल ती वाडी. पुढं?’

पाच-सहा वाड्यांची मिळून एक ग्रामपरिषद. ‘गट ग्रामपंचायत,’ गफूरभाईंनी टिपलं. अशा चौदा परिषदांचा मिळून रायोन. पेन्सिल मधेच थांबली. रायोनांवर काय? तर ओब्लास्त, त्याचाच कुणीतरी रीजन केलेला.

‘आलोकराव, हा जिल्हा नाय! हा तालुका हाय! त्या इंग्रजीवाल्यानं तालुक्याला डिस्ट्रिक्ट म्हटलंन आणि मी फसलो!’

‘आणि ओक्रुग?’ आलोकने विचारलं.

झोया पेत्रोव्हनांनी कपाळाला हात लावला. तीन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला. चौदाच्या चौदा परिषदा बरखास्त, रायोनचं नाव म्युनिसिपल ओक्रुग. नदी तीच, रस्ता तोच, खड्डे तेच.

गफूरभाई पुन्हा उठले. मग त्यांनी आपला स्वतःचा शाळेचा दाखला कपाटातून काढून फोनसमोर धरला. ‘बाईंना सांगा, माझा जन्म कुलाबा जिल्ह्यातला. एक दिवस सरकारनं त्याचा रायगड केलान. घर हाललं नाय, आंब्याचं झाड हाललं नाय, पण पहिल्यांदा पासपोर्ट काढायला गेलो तर म्हणतात, तुम्ही दोन माणसं. शेवटी कचेरीतनं लिहून आणलं की कुलाबा तोच रायगड. तुमच्याकडं तसा कागद मिळंल?’

तान्याने भाषांतर पुरं करायच्या आत पडदा रिकामा झाला. झोया पेत्रोव्हना कोट शोधायला गेल्या होत्या.

ओब्लास्त म्हणजे मुहाफजा, हे ठरलं. उरला तालुक्याचा अरबी शब्द. मुहाफजाच्या खाली, गावाच्या वर, असं कुवेतमध्ये काही नाहीच. गफूरभाईंनी शेजारच्या फोटोवाल्याला हाक मारली. हमजा लेबनॉनचा.

‘हमजा, तुमच्या मुलुखात मुहाफजाच्या खाली काय असतं?’

‘कजा.’

‘चेष्टा करतोस काय? वेळ चुकली की नमाज कजा होते. तालुका कसा कजा होईल?’

हमजाने आपलं ओळखपत्र गल्ल्यावर ठेवलं. छापील अक्षरांत ‘कजा’ आणि पुढे त्याच्या तालुक्याचं नाव. गफूरभाईंनी ते दोनदा वाचलं. रात्री जेवताना बायकोला, सुरैयाभाभींना, त्यांनी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘तुमच्या निम्म्या नमाजी कजा होतात, तुम्हांला शब्द आधीच ठावका पायजे होता.’

चौथ्या दिवशी सोस्नोरेचेहून कागद आला. झोया पेत्रोव्हना बर्फातून चाळीस किलोमीटर एसटीने, म्हणजे तिथली जी काय असेल तिने, कचेरीत गेल्या. तिथला कारकून म्हणाला, असा नमुना आमच्याकडे नाही. त्यांनी पर्समधून स्वतः लिहून आणलेला मसुदा काढला, तारखा आणि ठराव क्रमांकांसकट. कारकुनाला फक्त सही करायचं काम उरलं. ‘पोल्यांका हे गाव, पूर्वी पोल्यांका ग्रामपरिषद, सोस्नोरेचे रायोन, आता सोस्नोरेचे म्युनिसिपल ओक्रुग, एकच आहे.’ त्याचं रीतसर इंग्रजी भाषांतरही सोबत होतं.

गफूरभाईंनी त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. मुहाफजा, कजा, ग्रामपरिषद, गाव अशी पायरी-पायरीने उतरंड टाइप केली. शेवटी एक छोटा नकाशाही जोडला. आणि अठ्ठावीस वर्षांत प्रथमच, कागद गिऱ्हाइकाच्या हाती न देता, ते स्वतः आलोकबरोबर खिडकीवर गेले.

खिडकीतल्या बाईंनी वाचलं. पान उलटलं. पुन्हा मागे आल्या. नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘शिनू हाजा?’ हे काय?

‘नदी,’ गफूरभाई अरबीत म्हणाले. ‘आणि ही नऊ गावं, इथं कुणी राहत नाही.’

‘मग लिहिलीत कशाला?’

‘बाई, नाव काढायला ठराव लागतो.’

बाई पुन्हा हसल्या. पण हे हसू वेगळं होतं, सरकारी माणसाचं दुसऱ्या सरकारी दुःखाला ओळखणारं. ‘कजा,’ त्या मान डोलावत म्हणाल्या, ‘बरोबर शब्द.’ आणि शिक्का पडला. धप्पकन. गफूरभाईंना तो आवाज ईदच्या तोफेसारखा वाटला. बाहेर पार्किंगमध्ये आलोकने त्यांना उचललं, नव्वद किलोसकट.

‘खाली ठेवा, खाली ठेवा! बाप होणारात, पाठ सांभाळा!’

बाळंतपणाच्या तारखेच्या नऊ दिवस आधी झोया पेत्रोव्हना विमानतळाच्या दारातून बाहेर आल्या. जाड कोट, दोन बॅगा, तिसऱ्या पिशवीत लोणच्याच्या बरण्या. आधी त्यांनी लेकीचं पोट दोन्ही हातांनी धरलं आणि दोघी खूप वेळ रडल्या. आलोक बॅगा धरून उभा राहिला. मग बाईंनी डोळे पुसले आणि मागे, खांबाजवळ, इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभ्या असलेल्या गफूरभाईंकडे थेट चालत आल्या. छातीवर हात ठेवून त्यांनी मान लववली आणि काहीतरी विचारलं.

तान्या हसत म्हणाली, ‘ती विचारते, तुमचा तालुका कोणता?’

‘म्हसळा,’ गफूरभाई म्हणाले.

झोया पेत्रोव्हनांनी पर्समधून वही काढली, चष्मा लावला आणि लिहून घेतलं. मग पेन तसंच उचललेलं ठेवून पुढचा प्रश्न विचारला.

‘गावं किती?’