चटणीची बाजू

प्रमिलाला मेंदू आधी कानांनी कळला. ओमानमधल्या सलालाहच्या एका खासगी इस्पितळात ती एक्स-रे आणि सीटी स्कॅन विभागाची टायपिस्ट होती. डॉक्टर अहमद फिल्म बघून कॅसेटवर रिपोर्ट बोलत आणि प्रमिला हेडफोन लावून तो टाइप करी. फिल्म तिच्या टेबलावर कधी येतच नसत. अठ्ठ्याण्णव साली जुलैत शहरावर धुकं उतरलं, खिडकीबाहेरचे नारळ अर्ध्यातून वर दिसेनासे झाले, आणि कानात डॉक्टरांचा संथ आवाज सांगत होता, की अमक्याच्या मेंदूत डावीकडे रक्त पोचलेलं नाही. तिला वाटे, आपण त्या धुक्यातूनच चालत कुणाच्या तरी डोक्यात शिरलो आहोत.

मेंदूच्या भागांची नावं मात्र जिभेवर बसेनात. एकेक शब्द ओळभर लांब, आणि डॉक्टर तर तो पान चघळावा तसा घोळवून बोलायचे. शेवटी तिने मनातल्या मनात मेंदूचं ताट मांडलं. कामठीला विहाराच्या पंगतीत तिचे वडील बबनराव तिलाही बरोबर घेऊन वाढायला असत, आणि ताटात एक पदार्थ जरी जागा सोडून पडला, तरी चारचौघांत लेकीला फैलावर घेत. त्यामुळे ताट तिला झोपेतही मांडता येई. वर मधोमध मीठ, तिथली रक्तवाहिनी तुंबली की पाय लुळा पडतो. उजवीकडे भाजी, तिथे बिघडलं तर माणूस आपला डावा हातच विसरतो. खाली जेवणाऱ्यापुढे पोळी, तिथे नजर. आणि डावीकडे चटणी, तिथे वाचा. चटणी जिभेला झोंबते, म्हणून हे एका दुपारीत पाठ झालं.

आता टायपिस्टला एवढं कशाला हवं, असं कुणीही विचारलं असतं. पण तिच्या कपाटात वडिलांच्या डोक्याची फिल्म होती.

आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, तोच प्रमिला प्रफुल्लच्या मागे ओमानला निघाली. नवऱ्याची बंदरातली नोकरी, ती तरी काय करणार! बबनराव म्हणाले, "जा. पण मग माझ्याशी बोलू नकोस." दोन महिन्यांनी त्यांना झटका आला. हातपाय धड राहिले, जेवत, फिरत, पण बोलणं थांबलं; ते झटक्याने की रागाने, हे घरात कुणाला कळेना. "तुझा फोन म्हटलं की तोंड फिरवतात, ताई," धाकटा भाऊ अनुप सांगे. रिपोर्ट तिकडेच कुठे गहाळ झाला. फिल्म तेवढी त्याने एका येणाऱ्याबरोबर पाठवली होती.

ताट पक्कं झाल्यावर तिने ती खिडकीला लावली. रक्त न पोचल्याचा काळा डाग उजवीकडे होता, भाजीच्या जागी. चटणीची बाजू स्वच्छ. म्हणजे बाबांना बोलता येतं. ते बोलत नाहीत. एवढा अबोला! तिने हे प्रफुल्लला सांगितलं नाही. त्या दिवसापासून अनुपला फोन बाबांकडे दे म्हणणं मात्र तिने सोडून दिलं.

सप्टेंबरात टेपरेकॉर्डर बिघडला आणि डॉक्टरांनी तिला आपल्याच खोलीत टाइपरायटर घेऊन बसवलं. समोर उजेडाच्या पेटीवर फिल्म, शेजारी डॉक्टर. ते म्हणाले, डावी बाजू. प्रमिलाने मान वर केली. डाग तर उजवीकडे! मोठ्या डॉक्टरची चूक आपण पकडली म्हणून तिला आतून गुदगुल्याच झाल्या.

"डॉक्टर, लेफ्ट नहीं. राइट है."

डॉक्टर अहमद मनापासून हसले. "हम पेशंट के पाँव के पास खड़े हैं, प्रमिला. उसका लेफ्ट, हमारा राइट."

"सब फिल्म में?"

"सब में. खलास."

तिचे हात टाइपरायटरवर तसेच राहिले. म्हणजे इतके दिवस ती जेवायला बसली होती, आणि उभं राहायचं होतं वाढायला. वाढणाऱ्याला समोरच्याची चटणी आपल्या उजव्या हाताला येते. जन्मभर पंगतीत वाढलं, तेही बाबांच्या नजरेखाली, आणि हे ध्यानात येऊ नये?

दुपारी घरी येऊन तिने फिल्म पुन्हा खिडकीला लावली. बाहेर धुकं विरत आलं होतं. चटणीची बाजू काळी पडली होती. बाबा रागावलेले नव्हते, याचा तिला आधी आनंदच झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली, आणि मग ती खिडकीशी बसून पोटभर रडली. बोलता येत नाही म्हणून तोंड फिरवणाऱ्या माणसाला तिने दोन महिने हाकसुद्धा मारली नव्हती.

संध्याकाळी तिने फोन लावला.

"अनुप, बाबांकडे दे."

"ताई, ते बोलत नाहीत गं."

"नको बोलू देत. त्यांच्या कानाला लाव फक्त."

मग ती बोलत सुटली. नारळ अर्धेच कसे दिसतात ते, डॉक्टरांना कशी शिकवायला गेले ते, प्रफुल्लने केलेली करपलेली खिचडी. पलीकडे नुसता श्वास होता. मग एक आवाज आला, ओबडधोबड, मध्येच तुटलेला. शब्द नव्हता तो.

"हो बाबा," प्रमिला म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.