पांढरे पाय

व्यापाऱ्याने कोंबडी पायांना धरून उलटी उचलली, पाय पाहिले आणि तशीच खाली सोडली. "ये तो बीमार है," तो म्हणाला. दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग गाडी रिकामीच वळवून निघून गेला.

शेड मालवीय भाभींचं होतं, भोपाळबाहेर, रायसेन रोडला. पिल्लं आणि खाद्य आमच्या कंपनीचं, जागा आणि मेहनत त्यांची. ब्रॉयलरचा, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचा, धंदा बहुतेक असाच चालतो. मी कंपनीचा न्यूट्रिशनिस्ट, म्हणजे खाद्यात काय किती घालायचं ते ठरवणारा. इंद्रपुरीतले आमचे नातेवाईक मला कोंबड्यांचा आचारी म्हणतात.

त्या वर्षी मका कडाडला होता. इथेनॉलचे कारखाने उचलत होते आणि आमच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच. जनरल मॅनेजर देवधर साहेब ग्वाल्हेरचे. म्हणाले, "मक्याचा काही इलाज करा. ज्वारी चालेल?"

"चालेल. पण पांढरी हवी."

लाल ज्वारीत बऱ्याचदा टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. त्याने प्रथिनं नीट पचत नाहीत, वाढ खुंटते. म्हणून मी पोत्यापोत्यातले दाणे ब्लीच आणि कॉस्टिक सोड्यात भिजवले. टॅनिनचा दाणा त्यात काळा पडतो. एकही पडला नाही. मी भलताच खूश होतो.

ट्रायलसाठी भाभींचं शेड मीच निवडलं, कारण ते सगळ्यांत स्वच्छ. लिटर, म्हणजे खाली अंथरलेलं भाताचं तूस, त्या रोज स्वतः उलटत.

"ज्वारीचं कुठे बोलू नका," साहेबांनी बजावलं. "बाकीच्या कंपन्याही लगेच ज्वारीच्या मागे लागतील." म्हणून भाभींनाही सांगितलं नाही.

वजन मक्यावरच्या पक्ष्यांइतकंच भरलं. फक्त पाय पांढरे. कोंबडीचे पाय पिवळे होतात ते मक्यातल्या रंगामुळे. ज्वारीत तो रंग जवळजवळ नसतो, पक्षी मात्र ठणठणीत असतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो. पण ट्रायलच्या फॉर्मात रंगाचा रकाना नव्हता आणि रकान्याबाहेर बघायची मला सवय नव्हती. मूर्खपणा, दुसरा शब्द नाही. इथला व्यापारी वजनाआधी पाय बघतो.

त्या दिवशी गाडी वळत होती तेव्हा भाभी मला म्हणाल्या, "सर, दाना खा रही हैं, पानी पी रही हैं. बीमारी कहाँ है? आप बोलो ना इनको."

"जाँच करवा लेंगे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी देवधर साहेबांनी समोर कागद सरकवला. "शेडची देखभाल खराब, असं लिहा."

"साहेब, शेडचा काही दोष नाही. हे ज्वारीमुळे झालंय."

"मग ज्वारी लिहिणार? बाजारात कळलं तर आपला सगळा माल पडून राहील. त्यांचं एक शेड गेलं तर काय बिघडतं? आणि तुम्हाला इथेच राहायचंय ना?"

मी लिहिलं. सहीही केली. कंपनीने भाभींना पिल्लं देणं बंद केलं. कंपन्या एकमेकांना फोन करतातच, त्यामुळे दुसऱ्या कुणीही दिली नाहीत.

महिन्याभराने भाभी ऑफिसच्या गेटवर उभ्या होत्या. "सर, क्या गलती हुई, इतना बता दो. सुधार लूँगी."

माझ्या तोंडून निघालं, "लिटर गीला था."

"गीला?" त्यांनी एकदाच विचारलं. वाद घातला नाही. त्या खाली मान घालून बसस्टॉपकडे गेल्या आणि मला स्वतःची किळस आली.

आता आम्ही उघडपणे ज्वारी घालतो. सोबत झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क. पाय पिवळेजर्द होतात, व्यापारी खूश असतात. भाभींच्या शेडमध्ये टेंटवाल्याच्या, म्हणजे मांडववाल्याच्या, खुर्च्या रचलेल्या दिसतात.

नव्या मुलांना मी शिकवतो: धान्य बदललं तर आधी पाय बघा. फॉर्मात रंगाचा रकाना मीच घालून घेतलाय. लिटर कोरडं होतं, हे मात्र मी अजून कुठेच लिहिलेलं नाही.