अमावास्येच्या दिवशी, बांधावरून

ही गोष्ट माझ्या घरातसुद्धा कुणाला ठाऊक नाही. रोह्यात मला ओळखणारे पुष्कळ आहेत — निवृत्त मुख्याध्यापक, घराण्यातला पहिला पदवीधर. त्यांच्यातल्या कुणाजवळ बोलायचा धीर झाला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. धरमतर खाडीकाठच्या एका गावानं स्वतःची प्राथमिक शाळा काढली होती. सरकारी शाळा हायवेच्या पलीकडे, लहान पोरं ट्रक चुकवत जायची. म्हणून गावानंच देवळामागे पत्र्याची शेड बांधली, शाळा समिती नेमली आणि मला मास्तर म्हणून आणलं. मी नुकताच बी.ए. झालेलो. खोली त्यांनी दिली, जेवण रोज एकेका घरातून यायचं. इतका मान मला कुणी दिला नव्हता. आणि तरी — थांबा, नीट सांगतो.

शाळेला मान्यता नव्हती. ती नसेल तर इथल्या चौथी पास झालेल्या मुलांना पुढच्या शाळेत कोण घेणार? मान्यतेसाठी वर्ग भरलेला दिसायला हवा, आणि गावातली मुलं कमी पडत होती. मिठागरावरच्या झोपड्यांतली धरली तर भरायचा. ती खाडीच्या बांधावरून यायची, हिरामावशीच्या मागोमाग. हिरामावशी शाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची आणि या मुलांची ने-आण करायची.

गावाचा एक नियम होता. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी उधाणाचं पाणी बांधाच्या खचलेल्या जागेवरून वाहतं, म्हणून तेव्हा मिठागरावरच्या मुलांना सुट्टी. मी आतल्या गावचा, भातशेतीतला. मला वाटायचं — पाणी ते केवढं, घोट्याएवढं!

परीक्षेच्या आधीची अमावास्या होती. सकाळी निरोप आला, पेणहून शिक्षण खात्याचे साहेब आज दुपारी शाळा बघायला येणार. अर्धी शाळा रिकामी. साहेबांनी वाईट शेरा दिला तर? गावानं मला काढलं तर? कोणत्या तोंडानं घरी जाऊ? मी हिरामावशीला म्हणालो, मुलांना घेऊन या.

ती झाडू घेऊन तशीच उभी राहिली. "आज उधान हाय, मास्तर. पानी चढंल. सायबाला दोन दिसांनी बोलवा की."

"साहेब काय तुमच्या पाण्याला विचारून येतात?"

"पानी बी सायबाला इचारून नाय येत," ती म्हणाली. पण गेली. मी सांगितलं म्हणून गेली.

मुलांना घेऊन शाळेकडे येताना त्या खचलेल्या जागी पाणी मुलांच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. बेबी नावाची पहिलीतली मुलगी घसरून खाडीच्या अंगाला गेली. मावशीनं उडी टाकून तिला वेणीला धरून ओढलं. पोर वाचली. पण कालवांचे धारदार शिंपले चिकटलेल्या दगडांवर तिची पोटरी फाटली होती. कुणाच्या तरी टेम्पोतून तिला पेणला नेलं. आणि साहेब आले तेव्हा बाकीची मुलं ओल्या कपड्यांत बसून पाढे म्हणत होती. मी म्हणवून घेत होतो. कुडकुडणाऱ्या मुलांसमोर उभं राहून — हो, मीच.

संध्याकाळी देवळात गाव जमलं. बेबीचा बाप खांबाला टेकून बसला होता. बायका मावशीवर तुटून पडल्या. "खाडीवर जन्मलीस ना गो? तुला उधान कळत नाय?"

ती म्हणाली, "मास्तरांना इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय केलं असतं त्यांनी मला? मारलं असतं? गावाबाहेर घालवलं असतं? अजूनही नेमकं सांगता येत नाही मला कशाची भीती वाटली — पण ती वाटली, आणि मी म्हणालो, "मी सांगितलं नव्हतं. मी वर्गात होतो."

शिकलेल्या माणसावर गावानं विश्वास ठेवला. मावशी पुढे एक शब्द बोलली नाही. का बोलली नाही? तिला विचारायची माझी छाती झाली नाही. तिचं काम सुटलं. बेबी लंगडीच राहिली. मिठागरावरचं एकही मूल पुन्हा शाळेत आलं नाही, आणि मी बोलवायलाही गेलो नाही. मान्यता मात्र मिळाली. त्याच देवळात गावानं मला नारळ आणि शाल दिली. मी ती घेतली.

मग रोह्यात नोकरी लागली. तिकडचं कुणी बाजारात दिसलं की वाटायचं — हा बोलेल का? मावशीनं ह्याला सांगितलं असेल का? मी दुसऱ्या गल्लीत वळायचो.

काही वर्षांपूर्वी त्या गावचा एक जुना विद्यार्थी एसटी स्टँडवर भेटला. वाकून पाया पडला. बोलता बोलता म्हणाला, हिरामावशी गेली. मी तोंडानं अरेरे म्हणालो. आत मात्र पहिलं जे वाटलं ते असं — आता कुणी सांगणार नाही. सुटलो. मला हायसं वाटलं, त्या पोरासमोर उभं असताना.

मुलांना आणायला मी सांगितलं होतं. ती नको म्हणाली होती.