मागच्या बाजूची जाळी

बदलीचा हुकूम आला होता आणि जुनी गाडी विकून टाकायची होती. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हाने वाकून तडकलं होतं. सिन्नरहून गिऱ्हाईक चारला यायचं होतं, म्हणून सकाळीच मी गंगापूर रोडवरच्या एका कारागिराकडे गेलो.

किडकिडीत, पन्नाशीचा माणूस. त्याने तो भाग काढला, गरम पाण्याने मऊ केला आणि फळीवर दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होतो. मग त्याने तो उलटा केला आणि तड्यावर तारेची जाळी ठेवून तापल्या सळईने आत रुतवू लागला.

"अहो, मागचं कोण बघतंय? वरून रंग मारा. गाडी आजच विकायचीय."

त्याने मान वर केली नाही. "तुम्ही विकणार साहेब, पण घेणारा वापरणारच ना?"

काम संपवून परतेपर्यंत चार वाजून गेले; घरी गिऱ्हाईक ताटकळलं होतं. डॅशबोर्ड त्याला आवडला. किल्ली देताना मी एकदम बोलून गेलो, "चढावर इंजिन फार तापतं." हे मी लपवणार होतो.

तो चहा अर्धाच ठेवून, गाडी न घेताच गेला. त्या कारागिराचा मला भयंकर राग आला.

महिन्याने दुसरं गिऱ्हाईक आलं. त्यालाही मी आधी इंजिनाचंच सांगितलं.