बैठकीच्या शेवटी बोलावलेली

त्या कारखान्यात संगणक विभागाला बैठकीत सगळ्यांत शेवटी बोलवायची रीत होती. मालक, विक्रीवाले, हिशेबवाले सकाळभर बसून धंदा कुठे न्यायचा ते ठरवत. चहाचे कप उचलायची वेळ झाली की तो विभाग सांभाळणाऱ्या थोरलीला हाक येई.

"या बाई, इंटरनेट बरं चाललंय ना?"

ती बरं म्हणे आणि जिना उतरून तळघरातल्या आपल्या खोलीत परत येई.

'थोरली' हे तिचं घरातलं नाव कारखान्यात मामाने रूढ केलं होतं. मामा शिलाई मशिनींच्या दुरुस्ती विभागाचा मुकादम. वडील गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं, त्यानेच इथे चिकटवलं. पण त्याच्या विभागात सुटे भाग वेळेवर सापडत नसत, गिऱ्हाइकं तोंडाला येईल ते बोलून निघून जात. गिऱ्हाईक तुटलं की विभाग तुटेल, ही थोरलीची धास्ती. म्हणून तिने डोळे फोडून एक प्रणाली उभी केली: गिऱ्हाइकाने फोनवर मशीनचा नंबर सांगितला की लागेल तो भाग आधीच मामाच्या टेबलावर हजर. त्या दिवसांत डबा भरलेलाच घरी परत यायचा.

"कामाने कुणी मरत नाही म्हणतेस," आई करवादायची, "पण उपाशीपोटी कुणी जगलेलंही पाहिलं नाही गं मी."

प्रणाली सुरू झाली, दुरुस्तीसाठी ताटकळणाऱ्यांची रांग ओसरली. पुढच्या बैठकीत थोरलीने ते मोठ्या उमेदीने सांगितलं. मालकांनी विक्रीवाल्यांकडे पाहिलं.

"अहो, दुरुस्ती बंद करतोय आपण. यापुढे फक्त नव्या मशिनी विकायच्या. गेल्या वर्षीच ठरलंय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. मामाला, एकेका कारागिराला खोदून खोदून विचारलं होतं, वरच्या मजल्यावर मात्र कधी नाही.

"काम वाया नाही जायचं," मालक समजुतीने म्हणाले. "दुरुस्तीसाठी फोन आला की नवी मशीन सुचवायची, एवढाच बदल करा. सोमवारपासून."

"आणि तिथली माणसं?"

"बघू."

ती दुरुस्ती विभागात गेली तर मामा रंगात आलेला.

"आल्या बघा भाचीबाई! हिच्यामुळे मशीन यायच्या आधी भाग येतो. आता गिऱ्हाइकाच्या आधी त्याच्या शिव्या आणून दाखव म्हणावं!"

कारागीर हसले. थोरलीने मामाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो कितीतरी वेळ हाताचं तेल पुसत राहिला.

"तुला कधी कळलं?"

"आत्ताच."

"एवढी शिकलेली तू, आणि तुला आत्ता?"

तो रागाने बोलला नव्हता, नुसतं नवल वाटलं होतं त्याला. तिला मात्र मान वर करवेना.

"तो बदल कोण करणार?"

"मीच, मामा."

"मग कर. पोरांना मी सांगतो." त्याने टेबलावरची उघडी मशीन पुढे ओढली. "एवढी होऊ दे. मशीनवाल्या बाई बाहेर बसल्यात."